सावलीकडचा फुटपाथ

असुन्सिओन,
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय आई,

तुझा निरोप पोचला. बसवाला रुफिनो थेट माझ्या गाडीपाशी आला, न विचारता बर्फाचा एक खडा तोंडात टाकला आणि तो चघळत चघळत तुझं सगळं बोलणं माझ्यापुढे ओतलं. त्या झाडाखालून ऊठ. शहर एवढं मोठं आहे, दुसरीकडे कुठेही उभा राहा, नाहीतर सरळ घरी ये. आणि तो क्रूस-बिस काढून टाक, तुझा बाप नदीपलीकडे जिवंत आहे, जिवंत माणसाच्या नावाचा क्रूस रोवणं हा अपशकुन. एवढं सांगून झाल्यावर रुफिनोनं स्वतःच्या पदरचं एक वाक्य जोडलं, की निरोप देताना तू सारखी मागे वळून बघत होतीस. मी त्याला म्हटलं, सांग तिला, पोरगा उठणार नाही. बस गेल्यावर वाटलं, असलं उत्तर बसवाल्याच्या तोंडून पाठवू नये. म्हणून हे लिहायला बसलो. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाचं अक्षर आहे. हळूहळू वाच, पण अर्ध्यात ठेवू नकोस.

आधी खुशाली. तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर आहे. तू म्हणायचीस याच्या पायाला भिंगरी आहे, हा कुठे मूळ धरायचा नाही. सुरुवातीला तसंच झालं. बांधकामावर लागलो, तिथला मुकादम मला शीळ घालून बोलवायचा. एके दिवशी मीही त्याला शीळ घातली आणि काम संपलं. मग बंदरात पोती उचलली. नदीला पूर आला, धक्का पाण्याखाली गेला, तेही संपलं. शेवटी बर्फाची हातगाडी मिळाली आणि मी सुखी झालो, कारण यात शीळ घालणारं कुणी नाही. सकाळी कारखान्यातून लाद्या उचलायच्या, भुसा आणि गोणपाट लावून गुंडाळायच्या आणि गाडी ढकलत चढ चढायचा. बर्फाच्या पाण्यात पाला भिजवून दिवसभर तेरेरे पिणाऱ्या गावात बर्फवाल्याला ओरडावं लागत नाही. कारकून, न्हावी, टॅक्सीवाले, सगळे आपापले थर्मास घेऊन आपणहून येतात. धंद्याला वैरी एकच, ऊन. म्हणून पहिल्याच आठवड्यात सावलीसाठी मी शहर पायाखाली घातलं आणि मला ती गल्ली सापडली.

आई, एवढा आंबा आपल्या मिसियोनेसमध्येही नाही. अर्धी गल्ली त्याच्या सावलीत. एका लांबलचक पिवळ्या भिंतीला लागून फुटपाथ, त्यात मातीचं आळं, आळ्यात हे झाड. भिंतीतल्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या, फाटकाला कुलूप. आणि झाडाखाली आंब्यांचा सडा. पिकून फुटलेले, माश्या घोंघावताहेत, कुणी उचलायला नाही. या शहरात लोक बाजार उठल्यावर सडक्या टोमॅटोंवर झडप घालतात, आणि इथे आंबे पायदळीसुद्धा जात नव्हते, कारण पायच तिथे पडत नव्हते. मला काय कळणार? मी म्हटलं, राजधानीचे लोक येडे आहेत. गाडी लावली, चार आंबे खाल्ले, कोयी भिंतीवर मारल्या आणि धंद्याला बसलो.

समोरच्या फुटपाथवर औषधी पाल्यावाल्या बायका बसतात, भर उन्हात, फाटक्या छत्र्या लावून. त्यातली थोरली ओब्दुलियामावशी. हातात कायम खलबत्ता, पुदिना नाहीतर घोड्याची शेपूट नावाचं गवत कुटत असते, आणि त्या तालावर शिव्या. मला बघताच तिनं पलीकडून सुरू केलं, की ए बर्फवाल्या, गावाहून येताना अक्कल बसमध्ये विसरलास का, ऊठ तिथून. मी म्हटलं, मावशी, तुम्हीच या इकडे, उन्हानं तुमचा पुदिना वाळतोय आणि तुम्हीपण. बाकीच्या बायका हसल्या. ती नाही हसली. बर्फ मात्र लागायचा तिला. पण तो घ्यायला ती रस्ता ओलांडून कधी आली नाही, मीच नेऊन द्यायचो. पैसे हातात ठेवताना रोज तेच, ऊठ तिथून.

आणि एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. गल्लीच्या तोंडाशी आलं की लोक फुटपाथवरून उतरायचे, पलीकडे जायचे, उन्हातून चालत भिंत संपेपर्यंत जायचे आणि मग परत सावलीत यायचे. आधी वाटलं माझ्याच अंगाला वास येतोय. मग मी बघायला लागलो. वकील, शाळेच्या मास्तरीणबाई, कडेवर पोर घेतलेली बाई. बोलणं चालूच असायचं त्यांचं, मान वळायची नाही, चेहऱ्यावर काही नसायचं. नुसते पाय वळायचे. पाच-सहा वर्षांची पोरंसुद्धा, ज्यांनी त्या जनरलची हुकूमशाही पाहिलेलीच नाही. आईचा हात धरून एकदा वळलेले पाय आयुष्यभर वळत राहतात, असं दिसतंय.

सरळ चालत यायचा तो एकटा सार्जंटआजोबा. एव्हारिस्तो त्याचं नाव, पण अख्खी गल्ली सार्जंटच म्हणते. साठ वर्षांमागच्या चाको युद्धातला म्हातारा, कमरेत वाकलेला, छातीवर पदक, काठी टेकत यायचा आणि बर्फाचा खडा मागायचा. तो तोंडात धरून डोळे मिटायचा. म्हणायचा, आमच्या तुकडीत गोळीनं कमी मेले, तहानेनं जास्त, चिखल फडक्यात बांधून पिळायचो आम्ही. मी विचारलं, आजोबा, तुम्ही कसे या बाजूनं येता? तर म्हणाला, माझ्या छातीवर हे आहे, मला कोण हात लावणार. मग म्हणाला, पोरा, तुझे पाय चांगले आहेत, रविवारी माझ्याबरोबर चाल, तुला शहर दाखवतो.

तेव्हापासून आम्ही रविवारी चालायला लागलो. आई, तू इथे कधी आली नाहीस, पण इथे पावलापावलाला युद्ध आहे. रस्त्यांना लढायांची नावं, चौकांना मेलेल्यांची. म्हातारा प्रत्येक पाटीवर काठी ठोकायचा आणि हजेरी घेतल्यासारखा बोलायचा. बंदरावर न्यायचा, इथून आमची बोट निघाली, इथे बायका आमच्या खिशात चिपाचे गरम पाव कोंबत होत्या. वीरांच्या त्या घुमटात न्यायचा, जिथे पहारेकरी पापणी न हलवता उभे असतात आणि भिंतभर नावं. राजवाड्यासमोर मात्र तो थांबायचा नाही, चालणं वाढवायचा. मी विचारलं, दमला नाहीत ना? तर हसला. म्हणाला, जनरलच्या राज्यात या फुटपाथवर थांबायची बंदी होती, खिडकीकडे नजर गेली तरी धरायचे, तो पळून गेला त्याला सात वर्षं झाली, पण माझ्या गुडघ्यांना कुणी कळवलंच नाही. पदकाच्या बढाया मारणारा म्हातारा, बघ, आणि गुडघे असे.

मी त्याला विचारलं, युद्धात मेलेल्यांची नावं भिंतीवर आहेत, मग जनरलनं मारलेल्यांची कुठे आहेत? म्हातारा चिडला. युद्ध आमचं होतं, ते दुसरं आहे, त्याला काही नाव नाही, दोन्ही एकात कालवू नकोस, असं म्हणून तो काठी आपटत निघून गेला. त्यानंतर बरेच दिवस बर्फ खायला आलाच नाही.

आणि मग तो परवान्यावाला आला. नगरपालिकेचा माणूस, घामानं भिजलेला शर्ट, काखेत फाइल. गाडी इथून हलव म्हणाला. मी म्हटलं, पलीकडे सगळ्या बसल्यात त्यांना हलवत नाही, मलाच का? तो म्हणाला, पलीकडे चालतं, इथे नाही. का नाही, तर इथे कुणी बसत नाही. असला कायदा मी ऐकला नव्हता. बोलाचाली वाढली, तो ओरडला, नाव काय तुझं, गाव कुठलं? मीही ओरडलो, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. सिरिलो विल्याल्बा. लोमापोराचा.

पलीकडे खलबत्ता पडला. दगडी खल, आई, त्याचे दोन तुकडे झाले. मी वळून बघितलं तर ओब्दुलियामावशी उभी होती, पायाशी सगळा पुदिना. मग ती रस्त्यात उतरली. गाड्या हॉर्न वाजवत होत्या, तिला ऐकू येत नव्हतं. इकडच्या फुटपाथच्या कडेला आली आणि तिथे तिचे पाय अडले. मी हात पुढे केला. तिनं तो धरला नाही. स्वतःच चढली, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि हळूच विचारलं, “आईचं नाव एउलोहिया का?”

परवान्यावाला केव्हा गेला मला कळलंही नाही.

तिनं जे सांगितलं ते एका दिवसात नाही सांगितलं. ती तेव्हा धुणी धुवायची. ज्या घरची धुणी होती त्या घरात जनरलविरुद्धची पत्रकं सापडली, आणि पोलिसांची लाल गाडी आली ती घरातल्या सगळ्यांना घेऊन गेली, धुणेवालीलाही. त्या पिवळ्या भिंतीच्या आत. तिला बोळ पुसायला लावायचे. बोळाच्या दोन्ही बाजूंना कोठड्या. आणि रोज सकाळी बोळाचं दार उघडलं की एका कोठडीतून आवाज यायचा. “मी अनास्तासिओ विल्याल्बा. लोमापोराचा. बायको एउलोहिया, मुलगा सिरिलो. जो बाहेर जाईल त्यानं सांगावं.” मग त्याला बाहेर काढायचे, कोपऱ्यातला रेडिओ मोठा करायचे, पोल्का वाजायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच आवाज, थोडा जाड झालेला, तोंड सुजल्यासारखा. मग शेजारच्या कोठडीनं आपलं नाव सांगितलं. मग त्याच्या शेजारच्यानं. काही दिवसांनी दार उघडलं की अख्खा बोळ नावं सांगायचा. पहारेकरी कुणाकुणाला मारणार?

मी तिला विचारलं, त्याला यातून मिळालं काय? मावशी म्हणाली, मार मिळाला, दुसरं काय मिळणार. मग नवा खल मांडीत घेतला आणि म्हणाली, पण बघ ना, मला अजून पाठ आहे.

एके सकाळी दार उघडलं आणि तो आवाज आला नाही. बाकीचेही गप्प राहिले, वाट बघत. तिनं पुसता पुसता बघितलं, त्याला पोत्यात घालून मागच्या बाजूला नेलं. पुढे कुठे, नदीत की कुठे, तिला माहीत नाही. पण जीव इथेच गेला, या भिंतीच्या आत, झाडापासून दगड मारला तर पोचेल एवढ्या अंतरावर. हे ती छातीवर हात ठेवून सांगते.

आणि तिनं सांगितलं का नाही, हा प्रश्न तुझ्या मनात येणार, माझ्याही आला. सुटल्यावर ती मिसियोनेसच्या बसमध्ये चढली होती, आई. तुझ्याकडेच निघाली होती. मागच्या बाकावर एक माणूस बसलेला दिसला, ज्याला तिनं आत पाहिलं होतं. ते केसाळ पायाचे खबरी, पाऊल न वाजवता मागे असायचे. ती पुढच्या थांब्यावर उतरली. तुझ्या दारात त्याला घेऊन आली असती तर काय झालं असतं, तूच सांग. मग तिनं समोरच्या फुटपाथवर पाल्याचं दुकान मांडलं आणि तिथेच राहिली. भिंतीआतले पोलीस तिच्याकडूनच पोटाचं औषध न्यायचे. मी म्हटलं, विष नाही का द्यावंसं वाटलं? म्हणाली, रोज वाटायचं, पण माझ्या पुडीचं नाव खराब झालं असतं.

तिच्याबरोबरही मी शहर चाललो. सार्जंटआजोबाचं शहर पाट्यांचं, हिचं शहर बिनपाट्यांचं. लाल गाडी कुठून वळली, कुठल्या कोपऱ्यावर तिनं किंचाळून बघितलं आणि एका न्हाव्यानं दुकानाची फळी ओढून घेतली, सुटल्यावर कुठल्या नळावर तिनं केस धुतले. त्या न्हाव्याच्या दुकानासमोर तिनं मुद्दाम थांबून त्याला नमस्कार केला. म्हातारा झालाय. त्याला ती ओळखीची वाटली नाही. मी तिथे काहीतरी बोलणार होतो, पण तिनं दंड धरला आणि म्हणाली, चल, याच्यापेक्षा मोठे बाकी आहेत.

आता तुझं-माझं बोलू. लहानपणी मला सगळे पळपुट्याचा पोरगा म्हणायचे, आठवतं? तू कधी त्यांना गप्प केलं नाहीस. मीही मानलं, की बाप नदीपलीकडे गेला, तिकडे बाई ठेवली, आपल्याला विसरला. आणि ही बातमी आणायचं कोण? दर वर्षी बाल्दोमेरोसाहेब. जनरलच्या पार्टीचा गावातला अध्यक्ष, गावचा मालक. आपल्या दारात घोड्यावरूनच सांगायचा, पलीकडे पोसादासच्या बाजारात तुझा नवरा भेटला होता, लठ्ठ झालाय, तुझी चौकशी केली नाही. आणि तू त्याला पाणी द्यायचीस. आपल्याकडे ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात पहिल्या घाण्याचा चिपा त्याच्या घरी जायचा, मीच टोपली घेऊन जायचो. आई, बापाला पवित्र आठवड्यातच धरलं, नाही का? मावशीनं सांगितलं, की त्या सणाला तुमच्या बाजूच्या धरलेल्या शेतकऱ्यांचे ट्रकच्या ट्रक आले होते, सगळे एकमेकांच्या शेतात मिळून राबणारे, शेतकरी संघटनेवाले. मग भट्टीत चिपा होता तेव्हा दारात ट्रक घेऊन कोण आलं, आणि बोट कुणी दाखवलं? आणि नंतर तुला कुणी सांगितलं, की नवरा पळाला असं म्हण म्हणजे घर राहील, पोर राहील? मला हे कुणी सांगितलेलं नाही. लठ्ठ झालाय या एका शब्दावरून मला कळलं. पोत्यात घालून नेलेल्या माणसाला वर्षानुवर्षं बाजारात भेटायचं, त्याला खाऊपिऊ घालून लठ्ठ करायचं, आणि ते त्याच्या बायकोला येऊन सांगायचं. आणि बायकोनं ऐकून मान डोलवायची.

मी तुला बोल लावत नाही. नीट वाच हे. त्या खोट्यानं मला जगवलं. टाकलेल्या बाईला कुणी हात लावत नाही, संघटनेवाल्याच्या विधवेला लावतात, हे तुला तेव्हाच कळलं होतं. तू डोक्यानं लढलीस. पण ते युद्ध संपलं, आई. जनरल पळाला. बाल्दोमेरो राहिला, तो तुझ्या मानेवर राहिलाय.

मग मी क्रूस रोवला. आपली रीत तुला मी काय सांगू, जिथे जीव जातो तिथे क्रूस हवा. थडगं कुठेही असो, नसो. सुतारानं लापाचोचं लाकूड दिलं, वर बापाचं नाव मी तापल्या सळईनं लिहिलं, आंब्याच्या आळ्यात पुरला. दुसऱ्या सकाळी तो गटारात दोन तुकडे होऊन पडला होता. मी तुकडे उचलून तारेनं बांधले आणि परत पुरला. मग परवान्यावाला दोन माणसं आणि पहार घेऊन आला. मी क्रूसासमोर उभा राहिलो, पण ते तिघे होते आणि मला त्यांनी बाजूला ढकललं. तेवढ्यात काठी वाजली. सार्जंटआजोबा. युद्धातला कोट घालून, तो जुना, कसर लागलेला, या उन्हात. बगलेत घडीची खुर्ची. क्रूसापुढे खुर्ची उघडली, बसला आणि मला म्हणाला, बर्फ दे. परवान्यावाला गयावया करत म्हणाला, आजोबा, जरा सरकता का. म्हातारा बर्फ चोखत म्हणाला, “बोकेरॉनच्या लढाईत सरकलो नाही, तुझ्या फाइलीला सरकू?”

पलीकडे कुणीतरी हसलं. मग पाल्यावाल्या बायका उठल्या. छत्र्या मिटल्या, टोपल्या डोक्यावर घेतल्या आणि रस्ता ओलांडून आल्या, ओब्दुलियामावशी पुढे. एकदम सगळ्या सावलीत येऊन बसल्या, जशा काही जन्मापासून तिथेच बसत होत्या. एकीनं आंबा उचलला, पुसला आणि पहार धरलेल्या माणसाला दिला. त्यानं पहार भिंतीला टेकवली आणि खाल्ला. आता रोज तिथे गर्दी असते. कुणी येतं, मावशीपाशी बसतं, एक नाव सांगतं आणि जातं. आजोबा रोज खुर्ची टाकतो. मी त्याला विचारलं, युद्ध आणि ते दुसरं, एकात कालवायचं नव्हतं ना? तो म्हणाला, तहान दोन्हीकडे सारखीच होती, आता गप्प बस.

पण परवान्यावाला काल परत आला, आई, आणि या वेळी पहार आणली नाही. शांतपणे बोलला. म्हणाला, क्रूस मेलेल्याचा असतो, तुझा बाप मेलाय असं कुठेही लिहिलेलं नाही. आम्ही तुझ्या गावी विचारलं. तुझ्या गावच्या अध्यक्षानं कळवलंय, तो माणूस पोसादासला आहे, त्याची बायको स्वतः तसं सांगते. जिवंत माणसाचा क्रूस काढायला आम्हाला कुणी अडवू शकत नाही, तुमचा सार्जंटसुद्धा नाही. सोमवारी काढणार. आई, मावशीची साक्ष ते धरत नाहीत, ती तर म्हणे वेडी पालेवाली. माझी धरत नाहीत, मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. बापाला मारायला त्यांना कितीतरी माणसं लागली, पण त्याला मेलेला म्हणायला आता एकच माणूस उरलंय, ते तू आहेस. म्हणून हे पत्र. मेलेल्यासाठीच्या नऊ दिवसांच्या जपमाळेचा रविवारी इथे शेवटचा दिवस आहे. क्रूसावर पांढरं कापड बांधायचं, ते बायकोच्या हातानं बांधतात, ते मी बांधणार नाही, मावशी बांधणार नाही, तुझी वाट बघत तो क्रूस उघडा राहील. शनिवारच्या सकाळच्या बसनं ये. रुफिनोला सांगितलंय, पुढची जागा ठेवेल. आणि काळं घालून ये, आई. इतकी वर्षं तुला ते घालता आलं नाही, आता घाल. डोक्यापासून पायापर्यंत. घरामागच्या उसातून बस थांब्याला जाऊ नकोस, चौकातून जा, बाल्दोमेरोच्या ओसरीसमोरून, जेव्हा तो तिथे बसलेला असतो तेव्हा, आणि घाई करू नकोस. तो विचारेल, कोण गेलं? तिथे थांब, त्याच्या तोंडाकडे बघ आणि नाव सांग.

वाट अडवून बसलेला, तुझाच
सिरिलो